सुध्या, हे तुलाच कळेल

प्रिय सुध्या,

किती महिने झाले तुला लिहिलं नाही, शिव्या घालत असशील, घाल. तब्येत बरी आहे, पाठ मधूनमधून धरते, आई ठीक.

आता मुद्द्यावर येतो, कारण हे घरी सांगून उपयोग नाही आणि ऑफिसात तोंड उघडलं की मीटिंग लागते. आमच्या पीएस-व्हीएच्या, म्हणजे पॉलिमरने रेणूंना कल देणाऱ्या एलसीडीच्या, एका सॅम्पल पॅनेलवर बुद्धिबळाचा पट रात्रभर लावून ठेवला होता, काळे-पांढरे चौकोन. सकाळी सगळा स्क्रीन ग्रे केला तर पट दिसतोय. पुसट, तिरकं बघावं लागतं, पण दिसतोय, आणि दुपारपर्यंत गेला नाही. सरांच्या लॅबमध्ये असंच झालं होतं तेव्हा तू जेवायला न जाता समोर ठाण मांडून बसलास आणि म्हणालास, नुसता साचलेला चार्ज असता तर एव्हाना उतरला असता. ते वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय.

मला खात्री वाटतेय की द्रवस्फटिकात मिसळलेला मोनोमर, यूव्हीत जुळून पॉलिमर होतो तो, उरलाय. टाकतो तो जेमतेम ०.३ टक्के, पण पहिल्या यूव्हीत सगळा संपत नाही हे तुला माहितीच आहे. म्हणून तर व्होल्टेज काढून दुसरा यूव्ही देतो, मंद आणि लांबलचक. वरच्यांना नेमका तोच अर्ध्यावर आणायचाय, लाइन तिथे अडकते म्हणून. पहिल्या दिवशीच्या सगळ्या टेस्ट पास होतात रे, तीच तर भीती आहे! पॅनेल गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेल्यावर चॅनेलचा लोगो कोपऱ्यात चिकटून बसला की मग कोण उत्तर देणार.

आमच्याकडे एक नवीन मुलगी आलीये, फार हुशार. तिने विचारलं, व्होल्टेज काढल्यावर रेणू परत उभे राहतात तर कुठल्या बाजूला पडायचं हे त्यांच्या लक्षात कसं राहतं? मी तिला तुझ्या पद्धतीने सांगितलं. व्हीएमध्ये, म्हणजे व्हर्टिकल अलाइनमेंटमध्ये, द्रवस्फटिकाचे रेणू काचेवर ताठ उभे, उजेड अडतो, म्हणून काळा इतका काळा. व्होल्टेज दिलं की आडवे होतात, पण अगदी सरळ उभे असले तर पडायचं कुठे हेच ठरत नाही, कोणी इकडे कोणी तिकडे, मध्ये काळ्या रेघा, निस्तरायला वेळ जातो. आधी काचेवर उंचवटे करून दिशा द्यायचे, पण त्यांच्याभोवती उजेड गळायचा. आता माशाच्या काट्यासारख्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज देऊन चार दिशांना आडवे पाडायचे, स्थिरावू द्यायचे, आणि तसेच असताना यूव्ही मारायचा. मोनोमरचा पॉलिमर दोन्ही काचांवर बसतो आणि व्होल्टेज काढलं तरी रेणू ९० अंशांवर येत नाहीत, ८८-८९ वर थांबतात. तेवढा एक-दोन अंशांचा कल पुरतो. ती म्हणाली, म्हणजे भांग पाडून वर स्प्रे मारायचा! तू असतास तर तिला तिथल्या तिथे पीएचडीला घेतलं असतंस.

आता उरलेला मोनोमर काय करतो बघ. पांढऱ्या चौकोनात रेणू आडवे पडलेले असतात, तिथे बॅकलाइटच्या उजेडात तो हळूहळू जुळत राहतो आणि कल आणखी वाढवतो, काळ्या चौकोनात तसं होत नाही. अंशाच्या अगदी थोड्या भागाचा फरक, पण ग्रेमध्ये व्होल्टेज जरा सरकलं तरी उजेड केवढा बदलतो. दुसरी शक्यता म्हणजे पॉलिमरच मऊ राहिलाय आणि दाबाखाली स्वतःच वाकतोय, तसं असेल तर क्रॉसलिंकिंग, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना किती घट्ट जोडल्यात ते, बघावं लागेल. आणि जास्त यूव्ही मारा म्हणणंही सोपं नाही, एलसी, म्हणजे द्रवस्फटिक, आणि काचेवरचा पॉलिइमाइडचा थर दोन्ही खराब होतात, व्होल्टेज होल्डिंग रेशो, म्हणजे पिक्सेल व्होल्टेज किती धरून ठेवतो ते, खाली येतो, आणि मग चिकटलेलं चित्र दुसऱ्या दारानं आत येतं.

तू म्हणशील बघ, मी म्हणत होतो पॉलिमर पृष्ठभागावरच हवा, आत जाळं नको. ते भांडण फुजित्सूवाल्यांचा २००४ चा पेपर जिन्यात उभं राहून वाचला तेव्हापासूनचं आहे आणि मी अजून जाळ्याच्या बाजूने, मागे हटलेलो नाही. किकुचींनी २००२ मध्ये जाळ्यानेच ब्लू फेज, द्रवस्फटिकाची ती नाजूक अवस्था, धरून ठेवला ना, जो तापमानाच्या एकदोन अंशांत मरायचा तो ६० अंशांहून जास्त पट्ट्यात टिकला! व्होल्टेज फार लागतं म्हणून ओरडू नकोस, ऐकलंय ते हजार वेळा.

तुझी बदली झाली असं पक्या म्हणाला, खरं का? वहिनींना नमस्कार, लेकीची परीक्षा झाली असेल. तू घर घेतलंस तेही त्याच्याकडूनच कळलं, नालायका.

तर शुक्रवारी माझी सही मागतायत. मी देणार नाही. एकाच बॅचचे दोन सेल घेणार, एकाला पूर्ण दुसरा यूव्ही, एकाला अर्धा, दोन्हींवर तोच पट, आणि जोडीचे सेल फोडून मोनोमर किती उरलाय ते क्रोमॅटोग्राफीवर मोजणार. आकडा कागदावर आला की कोणी काही बोलू दे. तुझ्या थीसिसमध्ये सेल फोडून एलसी धुवून काढायची पद्धत होती, पॉलिमरला धक्का न लावता. सॉल्व्हंट कुठलं आणि किती वेळ बुडवून ठेवायचास, त्या पानांचा फोटो काढून गुरुवारच्या आत पाठव. थीसिस माळ्यावर टाकली असशील तर शिडी लाव.

तुझाच,
बंड्या