चिक्की लंगडत नाहीये

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन तू ठेवलास का रेंज गेली ते मला कळलं नाही, आई म्हणते ठेवला. असू दे. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, आई झोपली, मी मोबाईलवर टाइप करत बसलोय. बोलायला गेलो की माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय. चुका असतील त्या समजून घे.

पहिलं म्हणजे तुझी कुत्री चिक्की लंगडत नाहीये.

काल तू चिक्कीबरोबर पळतानाचा व्हिडिओ पाठवलास, खाली लिहिलंस की मृण्मयी म्हणते ही पुढच्या पायाने लंगडते, अप्पा बघा. मी तो अकरा वेळा बघितला. जनावर पुढच्या पायाने लंगडत असलं की त्याची मान सांगते, दुखरा पाय टेकला की मान वर उचलतं आणि चांगला पाय टेकला की खाली सोडतं. बत्तीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून हेच केलं, मालक पायाकडे बोट दाखवायचा आणि मी मानेकडे बघायचो. चिक्कीची मान एका रेषेत आहे. ती अडखळते ती तुझ्या कमरेच्या पट्ट्यामुळे, त्याला बांधलेली तिची दोरी ताणली की बाजूला ओढली जाते, आणि शेवटी गेटपाशी खाली बसते ती दमून बसते.

मग मी आवाज मोठा करून ऐकलं. कुत्र्याच्या पायाचा आवाज येत नाही, तुझ्या बुटांचा येतो. एक पाऊल पूर्ण पडतंय आणि एक अर्धवट. उजवा पाय तू राखून टाकतेस रेणू. दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ राहतो, यात बैल आणि माणूस सारखेच.

हेच दुपारी सांगायला गेलो तर तू म्हणालीस, मी कुत्र्याचं विचारलं, तुम्ही कुत्र्याचं सांगा. बरं. कुत्र्याचं सांगतो, पायाचा विषय काढणार नाही.

चिक्की आता आठ महिन्यांची. या वयात हाडांच्या टोकांशी अजून कूर्चा असते, तिथूनच हाड लांबतं, आणि ती जागा पक्की व्हायला तिच्या अंगाच्या गावठी कुत्रीला साधारण वर्ष लागतं, मोठ्या जातीच्या कुत्र्याला दीड वर्षसुद्धा. तोपर्यंत तिने पळूच नये असं मी म्हणत नाही. पळू दे की, पण तिच्या मनाने. मोकळं पिल्लू कसं पळतं बघ, जरा पळतं, थांबतं, काहीतरी हुंगतं, मागे येतं, परत पळतं. दोरीला बांधून डांबरावर एका चालीने चार किलोमीटर हे तिच्या हाडांना झेपणारं काम नाही. तिला वेताळ टेकडीवर मातीत ने, वीस मिनिटं तिच्याबरोबर चाल-पळ कर, मग घरी सोड आणि तुझं पळणं वेगळं कर. वर्षाची झाली की डॉक्टरांना एकदा दाखव आणि मग हळूहळू, एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं. खाल्ल्यावर लगेच अजिबात नाही. आणि आत्ता पाऊस संपल्यावर टेकडीवर गवत वाळतं त्याची कुसळं असतात, घरी आलात की पायाच्या बोटांच्या फटी आणि कान रोज बघ, कुसळ आत शिरलं की पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. मी कितीतरी काढलीत.

उन्हाचं तुला माहितीये पण सांगतो. कुत्र्याला घाम तळव्यांनाच काय तो थोडा येतो, बाकी सगळी उष्णता तोंडाने धापा टाकून बाहेर जाते, त्यामुळे आपल्याला नुसतं उकडतंय असं वाटतं तेव्हा तिला ते जास्त झालेलं असतं. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघ, तुला ठेववली नाही तर तिचे तळवेही भाजतील. धाप थांबेना, हिरड्या लालभडक दिसल्या, झोकांडी गेली तर सावलीत घे, पोटावर, जांघेत साधं पाणी ओत, आणि सरळ दवाखाना. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून आजीच्या पलंगाखाली तीन तास बसली होती तेव्हा मी तिचं पोट चाचपून बघितलं, तब्येत चांगली ठेवलीस तिची. हे तुला तेव्हा सांगायचं राहिलं.

आणि तुझ्या गोळ्यांमधली अर्धी गोळीसुद्धा तिला कधी देऊ नकोस. पॅरासिटामॉल, ब्रुफेन, काहीच नाही. माणसाची गोळी कुत्र्याला विष होते.

गोळ्यांचं निघालंच आहे तर लिहितोच. पाडव्याच्या दिवशी सकाळी तू अंधारातच अजिंक्यताऱ्यावर पळायला गेलीस, आणि ओट्यावर फ्रिजमागे पाकीट होतं, दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या. डायक्लोफेनॅक. मला चष्म्याशिवायसुद्धा ते नाव वाचता येतं. ते औषध आम्ही गुरांना देत होतो, मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरायला लागली म्हणून 2006 साली जनावरांसाठी बंद झालं. मी पाकीट होतं तिथेच ठेवलं आणि काही बोललो नाही, सण होता, तू हसत होतीस, फेब्रुवारीनंतर तुला इतकं हसताना बघितलं नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मी कॅलेंडरवर तुझे महिन्याच्या किलोमीटरचे आकडे मांडलेत, तू त्या पळण्याच्या ॲपवर, स्ट्राव्हावर टाकतेस ते. जुलै 62, ऑगस्ट 81, सप्टेंबर 104. आणि ऑक्टोबरचं ठरवलंस 150. सप्टेंबरच्या जवळजवळ दीडपट. आजपर्यंत 103 झाले, राहिले 47, दिवस पाच. रोज साडेनऊ किलोमीटर, उजवा पाय राखून, सकाळी गोळी घेऊन. धावणारे लोकच सांगतात ना की एका वेळी दहा टक्क्यांच्या वर वाढवू नये, ते काही दगडावरची रेघ नाही, पण हाड त्याच्या वेळेनेच घट्ट होतं. दम आधी वाढतो, स्नायू पाठोपाठ येतात, हाड सगळ्यात शेवटी. म्हणून माणसाला वाटतं आता जमतंय आणि नेमकं तेव्हाच नडगी बोलायला लागते.

बघ, पायाचा विषय काढणार नव्हतो. लेक्चर झालं. सॉरी. पण आता पुसत नाही, पुसलं तर परत लिहीन.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आईला माहितीये, बाळूकाकाला माहितीये. 1998 ची गोष्ट, तू तीन वर्षांची होतीस, मी माण तालुक्यात नोकरीला होतो. एक म्हातारा खिलार बैल घेऊन आला, हरण्या नाव, पुढच्या उजव्या पायाच्या नळीवर सूज, बोट लावलं की पाय झटकायचा. दोन दिवसांनी यात्रेत शर्यत होती. म्हातारा म्हणाला, साहेब तेवढं दोन दिवसांचं बघा, मग महिनाभर बांधून ठेवतो. नळीच्या हाडाला चीर असेल अशी मला शंका होती. शंका होती रेणू, म्हणून तर ते डोक्यातून जात नाही. पण म्हातारा हात जोडून उभा होता, आणि मी दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं. तेच, तुझ्या पाकिटावर आहे ते. बैल दुसऱ्या दिवशी ताठ उभा राहिला, पाय झटकेना, म्हातारा मला पेढे द्यायला आला. शर्यतीत अर्ध्या वाटेत नळी मोडली. तो आवाज लोकांनी बांधावरून ऐकला, मी नव्हतो तिथे, मला मागाहून बोलावलं. दुखत होतं तोवर तो पाय जपत होता, मी त्याचं जपणं बंद केलं. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही, रात्रभर त्याच्या मानेवर हात ठेवून बसला होता, मीपण बसलो. त्यानंतर नोकरीत होतो तोवर लंगडणाऱ्या जनावराला मी आधी विश्रांती लिहून दिली, मालक कितीही ओरडू देत.

मला माहितीये तू बैल नाहीस आणि घरी बसलेल्या अप्पाचं ऐकायला आता लहानही नाहीस. आणि आकडा तुझ्यासाठी नुसता आकडा नाही हे पण मला कळतं. फेब्रुवारीत जे झालं त्यानंतर तू तीन आठवडे आमचा फोन उचलत नव्हतीस, एप्रिलमध्ये चिक्की आली, जूनमध्ये तू तिच्या मागे पळता पळता पळायलाच लागलीस. रोज काहीतरी पूर्ण झालेलं दिसतं, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. आई परवा म्हणाली, पोरगी पळते म्हणून उभी आहे. म्हणून तर मला भीती वाटते, पळणंच बंद पडलं तर.

सप्टेंबरात साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला मी यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणावर उभा होतो हे तुला नंतर सांगितलं, पण किती वाजल्यापासून ते सांगितलं नाही. साडेपाच. तू येईपर्यंत लिंबू-मिठाचं पाणी कोमट झालं. ही स्पर्धा 2012 पासून इथे होते, दरवर्षी मी बाहेरगावचे लोक चढताना बघितले, आपल्या घरातलं कुणी त्या घाटात पळत येईल असं कधी मनात आलं नव्हतं. तू वर जाताना मला बघितलं नाहीस, तोंड लाल, नजर रस्त्यावर, शेजारी दोन पुरुष चालत होते आणि तू पळत होतीस. मी हाक मारली नाही, तुझी लय तुटली असती. उतरून परत आलीस तेव्हा हाक मारली तर आवाजच फुटेना. 2 तास 41 मिनिटं. तुझा छातीवरचा नंबर मी माझ्या जुन्या लसीकरणाच्या रजिस्टरात ठेवलाय.

आठवतंय का, 2016 ला 15 ऑगस्टला संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर होतो, मोहीची ललिता बाबर रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला पळत होती. दोनच दिवसांआधी तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांत नॅशनल रेकॉर्ड केलं होतं, आणि पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय बाई ट्रॅकवर ऑलिम्पिकच्या फायनलला पोचली होती. दहावी आली. तुझी आत्या म्हणाली दहावीच का, आणि तू तिच्यावर किती चिडलीस, की माणमधली मुलगी जगात दहावी आणि तुम्ही विचारता दहावीच का. माणच्या त्या रस्त्यांवर मी मोटरसायकलने हिंडलोय, पाणी नाही, सावली नाही, नुसते दगड. तिथून रिओपर्यंत जायला तिला वर्षं लागली. मोठ्या शर्यतीकडे तीही महिन्याचा हिशोब करून पोचली नसणार.

परत लेक्चर.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. उद्या पळू नकोस. हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून खूश होऊन निघू नकोस, अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, डॉक्टर म्हणाले तर कर, पैसे मी पाठवतो, यावर वाद नको. नुसती सूज असली तर थोड्या विश्रांतीवर सुटशील आणि मी चुकलो म्हणून मला काय बोलायचं ते बोल. चीर असली तर सहा-आठ आठवडे लागतील. डिसेंबरचं पुणे मॅरेथॉन जाईल मग. ते 1983 पासून चालू आहे रेणू, पुढच्या वर्षी पण असेल. तोवर पोहायला जा, सायकल मार, डॉक्टर म्हणतील ते. आणि सोबत रक्तपण तपासून घे, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी. तू सकाळी नुसता चहा पिऊन पळतेस हे मृण्मयीने आईला सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस.

मी गुरुवारच्या एसटीने येतोय. दुपारपर्यंत पोचेन. आईने मेतकूट आणि नाचणीचं पीठ बांधून ठेवलंय, शेंगदाण्याचे लाडू पण देणार आहे. तू ऑफिसला जा, चिक्कीला मी टेकडीवर नेईन, माझा वेग तिला बरोबर पुरेल. तो कमरेचा पट्टा काढून ठेव, मी साधी लांब दोरी आणतो.

फोन ठेवलास त्याचं मनात काही नाही. मी पण चढ्या आवाजात बोललो.

तुझा
अप्पा

ता. क. झोपायच्या आधी एक कर. उजव्या नडगीवर आतल्या बाजूने वरून खाली एका बोटाने दाबत ये. सगळीकडे वीतभर दुखत असेल तर वेगळं, पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ आली, किंवा रात्री नुसतं पडल्यावरही ठणकत असेल, तर मला लगेच फोन कर, कितीही वाजले असू देत. मोबाईल उशाशी ठेवलाय.