सदास पत्र : वाडीच्या ठरावाविषयी

हर्णै,
जुलैअखेर

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे पावसाळ्यापुरते रुसतात, एवढेच.

पत्राचे कारण तात्यांचा ओंकार आहे. त्याचे बँकखाते गोठवले गेले आणि पाठोपाठ परराज्यातील पोलिसांची नोटीस घरी आली. मासेमारी बंद असल्यामुळे जूनपासून होड्या शाकारून ठेवलेल्या आहेत, खलाशी पोरे जेट्टीवर मोबाइल घेऊन बसलेली असतात, आणि नेमक्या याच दिवसांत खेडच्या एका ओळखीच्याने त्याला सांगितले की पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड दे, महिना पाच हजार घरबसल्या मिळतील. एका दुपारी त्या खात्यात साडेतीन लाख जमा झाले आणि चहा थंड व्हायच्या आत बाहेर गेले. पैसा कोणा निवृत्त गृहस्थाला फसवून काढलेला होता.

ओंकारने मला मोबाइल वाचायला दिला. एकाही संदेशात दमदाटी नव्हती. ‘जेवलास का भावा’, ‘आईचे औषध आणलेस का’, आणि मग काही दिवसांनी, ‘अजून दोन मित्रांची खाती मिळतील का, प्रत्येकी हजार तुझे.’ म्हणजे पोर टोळीत कधी गेला हे त्याला कळायच्या आत तो दुसऱ्यांना ओढू लागला होता. आमच्या पतपेढीत जामीनदार मिळवायलाही याहून जास्त वेळ लागत असे.

तुला आता आपल्या चाळीतला सुऱ्या आठवला असेल. तो बापाच्या दारूमुळे बिघडला, असे तू अजूनही म्हणशील. मी म्हणेन की १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला नसता, तर बापाने दारू तरी कशाला जवळ केली असती? हे भांडण आपण थेट तुझ्या लग्नाच्या पंगतीपर्यंत नेले आणि वहिनींनी दोघांच्या पानात जिलबी वाढून ते तहकूब केले. पण सुऱ्याला कोणी पिस्तूल दाखवून नेले नव्हते, हे तर तूही मान्य करतोस. आधी नाक्यावरचा चहा, मग लालबागहून काळाचौकीला एक पाकीट पोहोचवणे, मग ‘आपला माणूस’ म्हणून पाठीवर हात. आणि तो पुरता त्यांचा झाला, तो चाळीच्या मंडळाने त्याला गणपतीच्या मांडवात यायला मनाई केल्यावर.

सदा, परवाच्या बैठकीत वाडीने तोच ठराव केला. ओंकारला आणि त्याच्या दोन सोबत्यांना भजनात बसू द्यायचे नाही, क्रिकेटच्या संघातही घ्यायचे नाही. लोक घाबरलेले आहेत हे मला समजते. चोरटी चांदी उतरवायला सरावलेल्या या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स उतरले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्दे-लाडघरला चरसची पाकिटे वाहून आली, ती तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. तरीही त्या सोबत्यांपैकी एक अवघा सोळा वर्षांचा आहे. त्याला दापोलीहून पार्सले आणायला लावीत असत. आत काय असते हे त्याने विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही. मुलाला गुन्ह्याच्या कामी लावणाऱ्या मोठ्या माणसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे तीन ते दहा वर्षांची कैद आहे. कायदा पोरामागचा हात शोधायला सांगतो आणि आमची वाडी पोराचेच मनगट धरून बसली आहे.

ओंकारचे वडील आणि मी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो. त्याने जबाबात खेडच्या माणसाचे नाव सांगितले. म्हणून तर त्याला या घडीला एकटे पाडणे मला फार धोक्याचे वाटते. ‘जेवलास का’ असे विचारणारा तो एकच माणूस उरला, तर पोर पुन्हा कोणाकडे जाईल?

माझे वाडीत कोणी ऐकत नाही. मुंबई मंडळाच्या अध्यक्षाचे ऐकतील, कारण वर्गणी तिकडून येते. तू अध्यक्ष झालास तेव्हा मी केलेली थट्टा बिनशर्त मागे घेतो. ठराव तर रद्द कराच, शिवाय सभागृहाच्या फरशीसाठी जमवलेल्या पैशांतून पुढच्या पावसाळ्यात पोरांना रोजंदारी द्या. जेट्टीवरचा मेकॅनिक त्यांना होडीचे इंजिन खोलायला, जोडायला शिकवायला तयार आहे. फरशी वर्षभर थांबू शकते.

तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे कळले. आता तरी कॅरममधली राणी दिसेल. नेहाचे पेढे पोहोचले, तिला आशीर्वाद.

गणपतीच्या आधीच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. शनिवारी खेडला उतर, मी गाडी घेऊन येतो. ठराव वहीत लिहिला गेला आहे, पण सरचिटणीसाची सही अजून व्हायची आहे.

तुझा,
विनायक