गाळ उपसणाऱ्या हातांना

2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी ओसरलं, तेव्हा कुरुंदवाडच्या आमच्या घरात घोट्याच्या वर गाळ होता. त्या शनिवार-रविवारी तुम्ही आलात. नावं विचारायची राहूनच गेली. फावडी, घमेली, खराटे तुमचेच. भाकरीसुद्धा बांधून आणलेली! कुजलेलं धान्य नाकाला रुमाल बांधून उपसलंत. (तो वास आठवला की अजून जेवण जात नाही.) तुमच्यातल्या एका ताईंनी आजीच्या लग्नातला फोटो गाळातून काढला, ओढणीनं टिपला, दोरीवर वाळत घातला. चेहरे पुसट झालेत, पण आजी रोज बघते. चूल ओली, त्यामुळं साधा चहाही पाजता आला नाही. मनापासून आभार. नृसिंहवाडीला दर्शनाला आलात तर इकडं वळा, बासुंदी आमच्याकडून.