आधी फेकी मोजा, वेग मागाहून

महोदय,

बेसबॉलमधला जपानी पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) शोहेई ओहतानी याच्या कोपरावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तरीही तो पिचिंगला परतला. अशी उदाहरणे पाहून 'ऑपरेशन केले की हात आणखी कणखर होतो' असे अमेरिकेतल्या कितीतरी पालकांना वाटते. महाराष्ट्रातही शाळांमधून बेसबॉल खेळला जातो आणि अमेरिकेतली मराठी मुले लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये उतरतात. म्हणून हा गैरसमज इथेही शिरू नये.

चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा. पण हात पूर्ण मागे जाऊन पुढे येऊ लागतो, त्या क्षणी कोपराची आतली बाजू फाकू पाहते. ते फाकणे अडवतो आतला लिगामेंट, म्हणजे दंडाच्या हाडापासून करंगळीकडच्या हाडापर्यंत गेलेला चिवट पट्टा. प्रौढ पिचरच्या कोपरावर तेव्हा सुमारे ६४ न्यूटन-मीटर भार येतो. कोपरापासून पाव मीटरवर २६ किलोचे ओझे टांगल्यासारखाच हा ताण. प्रयोगशाळेत नुसता लिगामेंट साधारण याच्या निम्म्या भाराला तुटतो. उरलेला भार मनगट आणि बोटे वळवणारे स्नायू पेलतात. थकल्यावर आधी ढिले पडतात ते हेच स्नायू, आणि मग सगळा ताण पट्ट्यावर येतो. दुखापतीचे मूळ एखाद्या वाईट फेकीपेक्षा थकलेल्या हाताने टाकलेल्या शेकडो फेकींत असते.

लहान मुलांत लिगामेंटपेक्षा तो जिथे रुजलेला असतो ती हाडाच्या वाढीची कूर्चा कच्ची असते. तीच आधी ओढली जाते. त्यामुळे बारा वर्षांच्या पिचरचे कोपर आतून दुखत असेल, तर स्प्रे मारून किंवा गोळी देऊन त्याला पुन्हा मैदानात पाठवणे हा निव्वळ अन्याय आहे.

फाटलेल्या लिगामेंटच्या जागी नवा बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरीसारखा उभा राहतो तो टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून कोपराच्या हाडांना पाडलेल्या भोकांतून ओवतात. (काहींच्या हातात तो नसतोच, मग मांडीचा घेतात.) या टेंडनचा लिगामेंट व्हायला महिने लागतात. सामन्यात परतायला साधारण १२ ते १८ महिने जातात, आणि सगळेच पूर्वीच्या पातळीवर येत नाहीत. परतलेला खेळाडू दमदार दिसतो, कारण त्याने वर्षभर खांदा, कंबर आणि पायांवर मेहनत घेतलेली असते. ती मेहनत ऑपरेशनविनाही घेता येते.

अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांत दिवसाची कमाल मर्यादा ९-१० वर्षांना ७५ फेकी, ११-१२ला ८५, १३ ते १६ला ९५ आणि १७-१८ला १०५ अशी आहे. चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक फेकी टाकल्या तर चार दिवस विश्रांती, ३६ ते ५० टाकल्या तर दोन. जपानने २०२० पासून शालेय पिचरला आठवड्याला ५०० फेकींची मर्यादा घातली. या आकड्यांत वॉर्म-अपच्या फेकी धरलेल्या नसतात, म्हणजे हाताने खरे काम त्याहून जास्तच केलेले असते. पिचिंग झाल्यावर त्याच मुलाला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) करणे तर सर्वांत वाईट, कारण कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो.

आकडा पूर्ण व्हायच्या आतही हात बोलतो. कोपर खांद्याच्या खाली येऊ लागते, चेंडू वर जातात, दोन फेकींमध्ये मुलगा हात झटकतो. तेव्हाच बदली करावी. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. साध्या एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

आमची आयोजकांना विनंती एवढीच की एकाच दिवशी दोन-तीन सामने ठेवत असाल, तर स्कोअररच्या वहीत प्रत्येक पिचरच्या फेकींचा रकाना आखा आणि पंचांनी तो दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांकडून सही करून घ्यावा.

– क्रीडा फिजिओथेरपिस्टांचा एक गट, पुणे