रायफल नवी नको, मापाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्या दिवसापासून माझ्या घरी नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलांचे आईवडील येतात. कुणी मुरगूडहून, कुणी गारगोटीहून, एक जोडपं तर थेट जतहून आलं होतं. मी प्रशिक्षक नाही. शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं टर्नर म्हणून काम केलं, आता घरी असतो. माझी थोरली मुलगी ५० मीटर प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, खेळते आणि तिची रायफल आम्ही घरी जुळवली, एवढीच माझी ओळख. येणाऱ्यांचा प्रश्नही एकच असतो: "काका, रायफल कमीत कमी कितीत होईल?"

प्रत्येकाला तासभर बसवून सांगतो. पण परवा आलेल्या एका शेतकरी बापानं अर्धा एकर विकून नवी जर्मन रायफल घ्यायचं ठरवलं होतं, मुलगा १५ वर्षांचा. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितो आहे. जागा द्यावी ही विनंती.

त्या मुलाला तर आज रायफलच नको. शस्त्र कायद्यानं २१ वर्षांच्या आत स्वतःच्या नावावर परवान्याचं शस्त्र ठेवता येत नाही. क्लबच्या रायफलीवर, देखरेखीखाली सराव करता येतो आणि तोच करावा. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरवर दोन-तीन वर्षं एअर रायफल नीट मारली, की ५० मीटरचं निम्मं शिक्षण झालेलं असतं. श्वास, चाप, गोळी सुटल्यावरही नेम धरून थांबणं, हे सगळं तिथंच बसतं. जमिनीचा तुकडा तेवढे दिवस राहू द्या.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून काही मुलं "लांब पल्ल्याची" म्हणजे दुर्बीण लावलेली, हजार मीटरची रायफल मागतात. तशी जागाही आपल्याकडं नाही आणि ७.६२ किंवा .३०३ सारखे बोअर (नळीच्या भोकाची मापं) सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. आपल्या पोरांचा लांब पल्ला म्हणजे ५० मीटर आणि .२२ ची शिशाची गोळी. तो कमी नाही. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची. तिची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे दहाही गोळ्यांना दहा हवे असतील तर सगळी भोकं मिळून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरमध्ये बसली पाहिजेत, तीही बरोबर मध्यावर. हा आकडा मी पाटीवर लिहून भिंतीला लावला आहे. ज्या रायफलीचा ग्रुप, म्हणजे दहा गोळ्यांच्या भोकांचा पसारा, शिकंज्यात धरूनही यात बसत नाही, ती कितीही देखणी असली तरी मुलाच्या कष्टावर पाणी फिरवते.

हे मला पहिल्या खरेदीत कळलं नाही. आम्ही घेतलेली पहिली रायफल ॲल्युमिनियमच्या दस्त्याची होती, लाल-निळा रंग, प्रत्येक भागाला फिरवायची चावी. विकणाऱ्यानं "फार चाललेली नाही" असं सांगितलं. मी आयुष्यभर बोअर मापत आलो, पण त्या दिवशी नळीत डोकावून चकाकी बघितली आणि समाधान मानलं. मुलीचे गुण आठ महिने ५९० च्या खाली अडकले. ती स्वतःला दोष देत राहिली, रात्री जेवायची नाही. शेवटी मी शिशाची एक मऊ गोळी तेल लावून क्लीनिंग रॉडनं नळीतून हळूहळू ढकलली. चेंबरपासून, म्हणजे गोळी भरायच्या जागेपासून, पुढं सारखा ताण होता, आणि तोंडाकडच्या शेवटच्या चार बोटांत गोळी एकदम सैल झाली. चुकीच्या बाजूनं, वेडावाकडा रॉड घालून कुणीतरी वर्षानुवर्षं ती साफ केली असणार. गोळी नळी सोडताना जिथं तिला घट्ट धरायला हवं, नेमकी तिथंच नळी झिजली होती. दोष मुलीत नव्हता. ती रायफल आम्ही दोष लिहून देऊन विकली, ४० हजारांचा तोटा सोसला.

तेव्हा जुनी रायफल बघायला जाल तेव्हा ही परीक्षा मालकासमोर करा. बोल्ट काढून मागून रॉड घाला, कुठं घट्ट, कुठं सैल ते हाताला कळतं. सगळीकडं सारखं किंवा तोंडाकडं किंचित घट्ट असेल तर नळी चांगली. मग तोंडाची कड भिंगातून बघा, तिथं एक खरचटा असला तरी गोळी एका बाजूला ढकलली जाते. चेंबरच्या लगेच पुढं, घड्याळात सहा असतात त्या जागी, बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) मिळाला तर जरूर बघा. .२२ च्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात, काचेची भुकटी असते आणि ती तळाशी बसून तेवढाच भाग खाते. बाकी शिशाची गोळी नळीला फार त्रास देत नाही. म्हणून तीस वर्षांची जपलेली नळी नव्या नळीइतकंच मारते, आणि ही गोष्ट गरीब माणसाच्या फायद्याची आहे. गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या फायरिंग पिनची स्प्रिंग मात्र जुनी झालेली असते. ती ढिली पडली की ठिणगी कमी-जास्त बसते आणि भोकं वर-खाली पसरतात. स्प्रिंग बदलायला फार पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही अन्शुट्झ या जर्मन कंपनीची १६१३ घेतली, मुलीच्या जन्माआधीची. नळी उत्तम, ५४ मॅच ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो मागचा भाग, उत्तम, पण लाकडी दस्ता मुठीपाशी तडकलेला. म्हणूनच ती १ लाख १० हजारांत मिळाली. व्यवहार दोघांच्या परवान्यांवर रीतसर नोंद करून झाला. त्यात कुणी आडवाट दाखवली तर ऐकू नका, पोराचं सगळं करिअर एका कागदापायी जातं.

तडकलेला दस्ता हे आमचं भाग्यच ठरलं. माझी मुलगी पाच फूट एक इंच. ती रायफल एखाद्या सहा फुटी माणसाच्या खांद्यासाठी घडवलेली होती. सगळ्यात आखूड मापावर लावूनही तिला मान ताणावी लागे, डोळा नेमाच्या रिंगच्या मधोमध येत नसे आणि वीस गोळ्यांनंतर मानेची शीर धरायची. नवा दस्ता करायचाच होता, मग तिच्या मापाचा केला. शहापुरीतल्या आमच्या ओळखीच्या सुतारांनी शिसवाची जुनी तुळई दिली, चाळीस वर्षं वाळलेली. सागवान मी घेतलं नाही. त्यात तेल असतं, एपॉक्सी गोंद नीट धरत नाही. शिसव जड, म्हणून पुढचा भाग आतून पोखरला. नियमाची मर्यादा आठ किलोची आहे, आमची रायफल साडेसहाच्या आसपास भरली.

मुलीला चटईवर झोपवलं, पट्टा हातात, कोपर टेकवून. प्रोनमध्ये पट्ट्याच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांच्या खाली चालत नाही, तो आधी गुण्यानं मापला. मग डोळे मिटून तिला रायफलीऐवजी आरामात खांद्याला काठी लावायला सांगितली आणि डोळे उघडल्यावर काठी कुठं बघते ते टिपलं. असं तीन रविवार केलं. त्या मापांवर गालाची पट्टी आणि खांद्याला टेकणारी मागची बट प्लेट ॲल्युमिनियममधून मिलिंगवर काढली, दोन्ही वर-खाली, मागं-पुढं सरकतात. ज्या कारखान्यात उमेदीचं आयुष्य गेलं, तिथल्या पोरांनी सुट्टीच्या दिवशी मशीन दिलं. मटेरिअलचे पैसे तेवढे घेतले. पूर्ण दस्त्याला १३ हजार रुपये लागले.

कोल्हापूरचा पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि धातू लाकडावर थेट बसलेला असेल तर नेम सरकतो. आदल्या दिवशी मध्यावर लागणारी गोळी सकाळी नवात जाते, आणि मूल समजतं आपलंच चुकलं. त्यासाठी स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या छोट्या नळ्या (बुश) बसवल्या, म्हणजे कसताना लाकूड दबत नाही. ॲक्शनच्या खाली एपॉक्सीचा पातळ थर ओतून तिचा हुबेहूब साचा घेतला. आणि टॉर्क रेंचनं दर वेळी तेवढाच ताण. अंदाजानं कसू नका, चाळीस वर्षांचा मिस्त्री असाल तरी कसू नका. यातलं काहीही करताना नळीला, चेंबरला आणि चापाच्या आतल्या भागांना आम्ही हात लावला नाही. ते काम परवानाधारक शस्त्र कारागिराचं.

आता गोळ्यांचं. पालक इथं फसतात, कारण रायफल एकदा घ्यायची असते आणि गोळी रोज लागते. माझी मुलगी आठवड्याला तीन दिवस साठ-साठ गोळ्या मारते. वर्षाचे नऊ हजारांवर राऊंड झाले. आम्हाला सराव आणि स्पर्धा मिळून सरासरी १८ रुपयांना एक पडली. हिशेब करा, दीड लाखाच्या वर गेला. रायफलीपेक्षा जास्त, आणि पुढच्या वर्षी परत. ज्यांनी सगळी पुंजी नव्या रायफलीत घातली, त्यांची पोरं मार्चपर्यंत गोळ्यांवाचून बसलेली मी बघितली आहेत.

शिवाय प्रत्येक नळीला स्वतःची आवड असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची पेटी, पण लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) वेगळा, तर ग्रुप दुप्पट होऊ शकतो. बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या गोळ्यांच्या कंपन्यांच्या कारखान्यांत खेळाडू आपली रायफल घेऊन जातात, शिकंज्यात लावून एकेक लॉट तपासतात आणि जुळला तो वर्षभराचा उचलतात. आपण ते पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर का करू नये? मी साधा शिकंजा करून दिला, आमच्या तीन घरांनी मिळून चार लॉट थोडे थोडे घेतले, प्रत्येक रायफलीवर दहा-दहाचे ग्रुप मारले. माझ्या मुलीच्या नळीला चौघांत सगळ्यात स्वस्त लॉट आवडला, १९ मिलिमीटर. महागड्याचा ग्रुप २६ आला होता. ही तपासणी केली नसती तर आम्ही महागडाच घेतला असता. आणि ज्या दिवशी गोळ्या नाहीत त्या दिवशी घरी ड्राय, म्हणजे बिनगोळीचा सराव, भिंतीवर काळा ठिपका लावून, रोज चाळीस मिनिटं, चेंबर रिकामं आहे हे दोघांनी बघूनच.

हे सगळं एका टर्नरला जमलं, पण सगळ्या घरांत टर्नर नसतो, म्हणून क्रीडा खात्याला आणि जिल्हा रायफल संघटनांना माझं मागणं आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, मराठी माणूस. म्युनिकला २०१० मध्ये प्रोनची जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आमच्या कोल्हापूरची. तिथं तिनं ५९७ मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात प्रत्येक ५० मीटर रेंजवर एक शिकंजा, एक बोअरस्कोप आणि एक टॉर्क रेंच असावं, हे मागणं मोठं नाही. माझ्या अंदाजानं एका रेंजला ३० हजारांच्या आत बसेल. शिकंजा मी फुकट करून देतो, लोखंड तेवढं द्यावं. वर्षातून एकदा लॉटची तपासणी एकत्र करावी आणि जुळलेल्या गोळ्या संघटनेनं मिळून मागवाव्यात. विकायला असलेल्या जुन्या रायफलींची, नळी तपासून, एक नोंदवही संघटनेनंच ठेवावी, म्हणजे माझ्यासारखे ४० हजार कुणाचे बुडणार नाहीत.

त्या शेतकरी बापाला मी मागच्या आठवड्यात मुलासकट रेंजवर नेलं. क्लबच्या जुन्या एअर रायफलीवर मुलाला उभं केलं, बट त्याच्या मापाला दोन सूत आखूड केली. चाळीस गोळ्यांनंतर त्याचा हात थरथरायचा थांबला. जमिनीचा व्यवहार त्यांनी थांबवला आहे. दस्त्याची मापं काढलेला माझा कागद आपल्या कार्यालयात पाठवून ठेवतो, कुणी मागितला तर कृपया त्याची प्रत द्यावी.

आपला,
एक निवृत्त टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर