डनिचहून आल्यावर, आई-बाबांना

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार. (बाबा, सुरुवात तुम्ही शिकवलीत तशीच केली, पुढचं मात्र माझ्या पद्धतीने.)

रविवारी फोनवर सांगायला घेतलं होतं पण आईने मध्येच जेवलास का, स्वेटर घालतोस का सुरू केलं आणि मग इरा फोन घेऊन पळाली, त्यामुळे डनिचचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र टाईप करतोय, ताई प्रिंट काढून देईल, चष्मा लावून निवांत वाचा. शेवटी कामाचं आहे, ते गाळू नका.

डनिच म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमधलं एक खेडं, आमच्याकडून गाडीने तासाभरावर. बघायला गेलात तर एक रस्ता, एक पब, एक चर्च, छोटंसं म्युझियम आणि समुद्राला लागून पार्किंग. वाळू नाहीच, सगळे गोटे, आई तुझ्या गुडघ्यांना ते जमणार नाही हे आधीच सांगतो. मुग्धाने थालीपिठं घेतली होती तरी इराने मासा आणि चिप्स घ्यायला लावलेच. तर एवढंसं हे गाव, आणि तेराव्या शतकात इथं इंग्लंडमधलं मोठं बंदर होतं! आठ पॅरिश चर्च, शिवाय मठ, दवाखाने, जहाजं बांधायचे, आइसलंडपर्यंत मासेमारीला जायचे. म्युझियममध्ये जुन्या शहराचं मॉडेल ठेवलंय, ते बघून बाहेर आलं की समोर नुसतं पाणी. शहर त्या पाण्याखाली आहे.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये जवळजवळ अख्ख्या देशाची जमाबंदी करवली, डूम्सडे बुक म्हणतात त्याला. त्यात डनिचची नोंद आहे की पूर्वी इथं दोन नांगरांची जमीन होती, आता एकच आहे, दुसरी समुद्राने नेली. बास, एवढंच. जन्मभर तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला यातली गंमत सांगायला नको, पीकपाहणीच्या रकान्यात लिहावं तसं सरळ लिहून टाकलंय. आणि सारा किती, तर पन्नास पौंड आणि वर अडुसष्ट हजार हेरिंग मासे! हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला. आई, एवढे मासे कोणी साफ केले असतील असा प्रश्न तुला पडणार, तो मुग्धालाही पडला.

मग १२८६ मध्ये मोठं वादळ आलं, नंतर १३२८ ला आणखी एक, त्यानंतर १३४७ ला. कडा सगळा भुसभुशीत वाळूचा, खडक नाहीच, त्यामुळे लाट आली की पायथा खणते आणि वरचं आपोआप खाली येतं. पण मला वाटतं शहर नुसतं वादळाने नाही मेलं. बंदराच्या तोंडाशी गोटे आणि वाळू साचून ते बुजलं, नदीने वर उत्तरेला दुसरीकडून वाट काढली आणि जहाजं तिकडे जायला लागली. धंदा गेल्यावर किनारा राखायला पैसा कोण घालणार? आपलं दाभोळ घ्या, चौल घ्या, एकेकाळी कुठकुठची गलबतं लागायची आणि आज काय आहे. गावकरी राजाकडे अर्ज करत राहिले की अहो जमीनच उरली नाही तर सारा तेवढाच कसा, आणि सारा थोडा थोडा कमी होत गेला. कागदावर मात्र गाव जिवंत! गावाचा बराचसा भाग पाण्यात गेला तरी १८३२ पर्यंत इथून पार्लमेंटला दोन खासदार जायचे, तेही मूठभर मतदारांच्या जोरावर. शेवटचं जुनं चर्च १९०४ पासून कड्यावरून तुकड्यातुकड्याने कोसळायला लागलं आणि १९१९ ला त्याचा टॉवर गेला. त्या काळी दफनभूमीतली हाडं कड्यातून बाहेर आलेली दिसायची म्हणे. पाण्याखाली चर्चच्या घंटा वाजतात असंही लोक सांगतात, आम्हाला गोट्यांची खळखळ आणि इराची भुणभुण ऐकू आली.

एक गोष्ट मात्र अजून उभी आहे, ग्रेफ्रायर्स मठ, म्हणजे त्याच्या भिंती आणि कमानी. फ्रान्सिस्कन साधूंचा. त्यांचा पहिला मठ समुद्राकडे होता, १२८६ च्या तडाख्यानंतर ते शहाणे झाले आणि त्यांनी पुढे डागडुजी करत बसण्याऐवजी मठच मागे, गावाच्या पश्चिमेला नेऊन बांधला. शहराने तसं केलं नाही. मधला सगळा गाव गेला, आणि मागे सरकलेल्यांच्या भिंती सातशे वर्षांनी मी हात लावून बघितल्या. आता कडा त्यांच्याही बराच जवळ आलाय, पण सातशे वर्षं म्हणजे काही कमी नाही हो.

दुपारी तिथून दक्षिणेला चालत निघालो. आधी उघडा माळ, काटेरी झुडपांना पिवळी फुलं, लांबवर सायझवेलच्या अणुवीज केंद्राचा पांढरा घुमट दिसतो, तो मला डोळ्यात खुपला, इराला मात्र फार आवडला. माळ उतरलं की मिन्समिअर, पक्ष्यांचं राखीव क्षेत्र. इथली कथा डनिचच्या बरोबर उलटी आहे. ही पूर्वी पाणी उपसून केलेली कुरणं होती, दुसऱ्या महायुद्धात जर्मन किनाऱ्यावर उतरतील या भीतीने सरकारने मुद्दाम पाणी सोडून ती बुडवली. जर्मन काही आले नाहीत, पक्षी आले. ॲव्होसेट म्हणून काळापांढरा, वर वळलेल्या चोचीचा पक्षी आहे, इंग्लंडमधून शंभरेक वर्षं जवळपास गेलेलाच होता, तो १९४७ मध्ये इथं येऊन अंडी घालायला लागला. त्याच वर्षापासून आरएसपीबी ही पक्षी वाचवणारी संस्था जागा सांभाळते. दलदलीतला भोवत्या, म्हणजे घारीसारखा शिकारी पक्षी, १९७१ ला अख्ख्या ब्रिटनमध्ये एकच जोडी उरला होता, तीही इथंच, आणि परवा आम्ही बसलो होतो तेवढ्यात तीनचार तरी डोक्यावरून गेले. गवतात बिटर्न नावाचा बगळ्याच्या जातीतला पक्षी घुमत होता, रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज, दिसला मात्र शेवटपर्यंत नाही. लाकडी खोपटी बांधलीत, आत बाक आणि समोर फटी, शेजारी तुमच्या वयाचे आजोबा दुर्बीण घेऊन बसले होते, त्यांनी स्वतःहून इराला दुर्बीण दिली आणि कुठे बघायचं ते दाखवलं.

आता कामाचं. ताई म्हणाली की बाबा समुद्राकडच्या अंगाला नवी खोली काढतायत, खिडकीतून पाणी दिसावं म्हणून. बाबा, नका काढू. मी शाळेत असताना किनाऱ्यावर सुरूच्या झाडांच्या तीन रांगा होत्या, मागच्या गणपतीत आलो तेव्हा एकच उरली होती आणि तिचीही मुळं उघडी पडलेली. तुम्ही म्हणाल बंधारा मंजूर होतोय. होऊ दे, पण दगडी बंधारा टाकला की तेवढ्यापुरतं थांबतं आणि त्याच्या टोकाला शेजाऱ्याची वाळू जास्त जाते, आणि आपली वाडी नेमकी टोकाला आहे. शिवाय भरतीरेषेच्या इतक्या जवळ बांधकामाला परवानगी मिळणार नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खोली हवीच असेल तर मागे, रस्त्याच्या बाजूला, फणसापाशी काढा. तिथून समुद्र दिसत नाही हे कबूल, पण रिक्षा दारात येईल आणि आईला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. पैसे मी पाठवतो, त्यावर वाद नको.

गवंड्याला ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबवा, दिला असेल तर पाया कुठे खणायचा एवढंच बदलून सांगा. आणि आई, पासपोर्टचे फोटो काढलेस का? पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघं इकडे यायचंय. लोणचं आणू नकोस, इथं मिळतं. कुळथाचं पीठ आण.

तुमचा,
बंड्या