ग्रंथपाल बाई, तुमचे मनापासून आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

काजू बी फोडायच्या यंत्राचं पेटंट मागण्याआधी जगभरचे जुने पेटंट-अर्ज शोधायला तुम्ही आमच्या लहानशा कारखान्याला केवढी मदत केलीत, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र. मी तुमच्या कॉलेजचा विद्यार्थी नव्हे, वाचनालयाचा सभासदही नव्हे. तरी तुम्ही बसवून घेतलंत आणि आधी विचारलंत, "यंत्रात नवं नेमकं काय, ते दोन ओळींत लिहून द्या." अर्धं काम तिथेच झालं.

गावठी बी बारीक, वेंगुर्ला-७ या सुधारित जातीची टपोरी. एकाच फटीत दोन्ही घातल्या की गर तुटतो. बीच्या आकाराप्रमाणे पात्यांमधली फट आपोआप जुळावी, एवढीच आमची धडपड. पण काजू ब्राझीलपासून व्हिएतनामपर्यंत फोडला जातो. तिकडे कुणी हे आधीच केलंय का, ते कसं कळावं?

शोधताना तुम्ही शब्दांपेक्षा वर्गीकरणाचा हात धरायला लावलात. कठीण कवचाची फळं सोलायच्या-फोडायच्या यंत्रांना आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात ए२३एन ५/०० हा क्रमांक आहे; अर्ज चिनीत असो वा पोर्तुगीजमध्ये, क्रमांक तोच. युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, ही पेटंट शोधायची संकेतस्थळं सगळी फुकट खुली. भारतातले अर्ज इनपास या भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर वेगळे बघायला लावलेत. परकी भाषा आडवी आली की 'पेटंट कुटुंब' उघडायचं: त्याच शोधाचा दुसऱ्या देशातला इंग्रजी अर्ज पुष्कळदा तिथे मिळतो.

सर्वांत मोलाचं म्हणजे दोन प्रश्न तुम्ही वेगळे करून दिलेत. परदेशातलं पेटंट भारतात घेतलेलं नसेल, तर इथे यंत्र बनवायला ते आड येत नाही. पण आमचा शोध नवा आहे का, हे ठरवताना तोच कागद आड येतो, मग तो कुठल्याही देशातला आणि कितीही जुना असो. शिवाय अर्ज साधारण 18 महिने प्रसिद्धच होत नाहीत, तेव्हा 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं धरू नका, हेही निक्षून सांगितलंत. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एकानेही आम्हाला हे इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

एका जुन्या अर्जात आमच्यासारखीच पाती निघाली, तेव्हा माझा धीर सुटत होता. तुम्ही नुसत्या चित्रांवर न थांबता त्यातलं वर्णन आणि दावे, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतो ती कलमं, ओळीओळीने वाचून घेतलेत. फट जुळवणारी रचना त्यात कुठेच नव्हती. आमचा दावा आम्ही तेवढ्यावरच बेतला.

मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल झालाय. परदेशातही पेटंट मागायचं तर इथल्या अर्जापासून 12 महिन्यांच्या आत ठरवायला हवं, हे ध्यानात आहे. त्याआधी व्हिएतनामचे नवे अर्ज पुन्हा चाळायचे आहेत. या खेपेला सुरुवात माझी मी करून येतो, तुम्ही फक्त तपासून द्या.

तुमचा ऋणी,
सिंधुदुर्गातला एक काजू कारखानदार